गोधडी शिवताना टाके सुटतात, खाली गुंता होतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कातरणांची गोधडी मशीनवर शिवायला घेतली की ही तक्रार हमखास येते. दोन-चार ओळी सुरेख जातात आणि मध्येच टाके सुटायला लागतात, खाली दोऱ्याचा गुंता होतो, वरचा दोरा तटकन तुटतो. मग टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारी, चकती फिरवली जाते. थोडं बरं वाटतं आणि पुढच्या तुकड्यावर पुन्हा तेच. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास जुनी लुगडी आणि शिंप्याकडची कातरणं एकत्र करून गोधड्यांचं काम निघतं, तेव्हा घरोघरी हेच चालू असतं.

यातली बहुतेक मशीन्स बिघडलेली नसतात. एकाच जातीच्या कापडाचा ब्लाऊज शिवताना बोथट सुई खपून जाते, चाकाचा सैल पट्टाही खपून जातो. गोधडीत एकाच ओळीत आधी वीतभर मऊ सुती लुगडं लागतं, मग पॉलिस्टरची साडी, मग गणवेशाचं टेरिकॉट, आणि मध्ये जोड आला की एकदम आठ-नऊ थर. कापड असं पावलोपावली बदललं की प्रत्येक लहान दोष उघडा पडतो. म्हणून दोन नियम आधीच पक्के करा. टाका नेमका कुठे सुटतो ते बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि टेन्शनला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं

शिवलेली ओळ उजेडात धरा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत बघा. दोष कुठे आहे यावरून निम्मं उत्तर मिळतं.

- टाके फक्त जोडावर किंवा चार तुकडे एकत्र येतात त्या चौकात सुटतात: जाडीचा प्रश्न आहे.
- फक्त गुळगुळीत, सिंथेटिक तुकड्यांवर सुटतात: सुई त्या कापडाला योग्य नाही.
- सगळीकडे, कुठेही, अंतराअंतराने सुटतात: सुई वाकलेली, उलटी किंवा अर्धवट बसलेली आहे. हे सगळं ठीक असेल तर शटल, म्हणजे सुईखाली फिरून दोऱ्याचा फास धरणारा टोकदार भाग.
- खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता, वर मात्र टाके बरे दिसतात: वरचा दोरा चकत्यांमध्ये बसलेला नाही.
- वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात: वरचा दोरा फार घट्ट आहे किंवा बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या फिरकीचा) फार सैल.
- वरचा दोरा दर हातभर अंतरावर तुटतो: दोरा जुना आहे, सुईच्या नेढ्याला धार आली आहे किंवा दोरा रिळाच्या खाचेत अडकतो.
- टाके चांगले आहेत, पण गोधडीला चुण्या पडतात, कडेला वरचं कापड पुढे सरकून उरतं: हा दोष मशीनचा नसून थर बांधण्याचा आहे. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

काहीही खर्च न करता करायचं: दोरा काढून पुन्हा ओवा

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे आधी बॉबिन काढतात. पण खालचा गुंता जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याने केलेला असतो. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसला नाही की त्याला खेच राहत नाही, शटल तो हवा तेवढा ओढून घेतं आणि खाली जाळं साचतं.

मशीनचा पाय, म्हणजे कापड वरून दाबून धरणारा भाग, वर उचला. बऱ्याच मशीन्सवर पाय वर असला की चकत्या उघडतात आणि दोरा आत उतरतो. पाय खाली ठेवून ओवलात तर दोरा चकत्यांच्या काठावरच राहतो. चाक फिरवून दोरा उचलणारी दांडी सगळ्यात वर आणा, दोरा पूर्ण काढा आणि रिळापासून सुईपर्यंत पुन्हा ओवा. आता पाय खाली टाका आणि सुईजवळचा दोरा ओढून बघा. पाय वर असताना तो सहज यायला हवा आणि पाय खाली टाकला की अडायला हवा. फरकच जाणवला नाही तर दोरा चकत्यांत गेलेला नाही, किंवा चकत्यांमध्ये कापसाचा तंतू अडकला आहे. जाड दोऱ्याचा तुकडा दोन्ही हातांत धरून चकत्यांमधून मागेपुढे फिरवला की तो तंतू निघून येतो.

ओळ सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पायाच्या मागे तीन-चार टाके धरून ठेवा. ती सोडलेली असली तर पहिल्याच टाक्यात खाली ओढली जातात आणि गुंता तिथूनच सुरू होतो. आणि पाय खाली टाकल्याची खात्री करा. जाड गोधडी पायाखाली असली की पाय खाली आहे असं नुसतं वाटतं, कारण कापड आधीच त्याला टेकलेलं असतं.

पायाने चालवायच्या मशीनवर आणखी दोन गोष्टी. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. सुरुवातीच्या झटक्यात ते एकदा उलटं फिरलं तरी दोरा शटलभोवती गुंडाळतो आणि तुटतो. दुसरं म्हणजे पट्टा. वापराने चामडी पट्टा ताणतो आणि जाड जोडावर चाकावरून घसरतो, तेवढ्यात सुई अर्ध्यात थबकते आणि टाका लहान किंवा सुटा पडतो. पट्टा मध्यावर बोटाने दाबून बघा. अर्धा-पाऊण इंच हलला तर ठीक. लोंबत असेल तर अर्धा इंच कापून पिन पुन्हा घाला. एकदम जास्त कापू नका, फार घट्ट पट्ट्याने मशीन जड चालतं.

सुई: इथे घाई करू नका

या एका ठिकाणी सगळ्यात जास्त दुरुस्त्या संपतात, म्हणून इथे थांबून नीट बघा.

टाका कसा पडतो ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. सुई तळाला जाते आणि साधारण २ मिलिमीटर वर येते, तेव्हा दोरा तिच्यासोबत लगेच वर येत नाही. नेढ्यामागे, चपट्या बाजूला, त्याचा एक बारीक फास सुटतो. शटलचं टोक नेमक्या त्याच क्षणी त्या फासातून शिरतं. फास लहान पडला, तिरका पडला किंवा पडलाच नाही तर शटल रिकामं फिरून जातं आणि टाका सुटतो. सुई केसभर वाकलेली असली, पूर्ण वर सरकवलेली नसली किंवा चपटी बाजू चुकीकडे असली की हेच होतं. मशीन बाकी उत्तम असलं तरीही.

सुई काढून हातात घ्या. तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून अगदी हलक्या हाताने ओढा. चांगलं टोक आवाज न करता सरकतं. टोक मुडपलं असेल तर नखाला खरखर लागते आणि एक पांढरी रेघ उमटते. मग सुईच्या दांड्याची चपटी बाजू आरशावर टेकवून डोळा त्या पातळीवर आणा. सुई आणि आरसा यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोकाकडे फट वाढत किंवा मिटत गेली तर सुई वाकलेली आहे. ती फेका. वाकलेली सुई सरळ करून वापरायची नाही, ती शटलचं टोक घासते आणि मग खर्च सुईचा राहत नाही.

नवी सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खाच शोधा. दोरा त्या लांब खाचेच्या बाजूने नेढ्यात शिरतो, आणि त्याच्या विरुद्ध असलेली चपटी बाजू शटलच्या टोकाकडे येते. वेगवेगळ्या मशीन्सवर सुई डावीकडून, उजवीकडून किंवा समोरून ओवतात, पण हा नियम बदलत नाही. सुई वर अडेपर्यंत ढकला आणि मगच स्क्रू आवळा. दुकानात घरच्या मशीनची चपट्या दांड्याची सुई मागा. गोल दांड्याची सुई शिंप्यांच्या मोठ्या मशीनची असते. ती घरच्या मशीनला बसली तरी फास चुकतो.

आता नंबर. पातळ साडी किंवा मलमलचे तुकडे जोडायला ११. साधं सुती कापड जोडायला १४. गोधडीचे सगळे थर एकत्र टीप मारायला १६. जीन्सचे तुकडे असतील तर १८. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पांघरायची दोन-तीन थरांची पातळ गोधडी १४ वर होते, पण धुळ्या-नंदुरबारच्या थंडीसाठी केलेल्या जाड गोधडीला ती सुई वाकते. एका सुईने तुकडे जोडणं आणि थर शिवणं ही दोन्ही कामं करायची नाहीत. पुढे जाण्याआधी सुई बदला.

सिंथेटिक साडीचे तुकडे हे वेगळं दुखणं आहे. ते कापड सुईसोबत खाली दबतं आणि तिच्यासोबतच वर येतं, त्यामुळे फास सुटायला जागाच मिळत नाही. जाड सुई घातली तर हे आणखी वाढतं. इथे उलट ११ नंबरची नवी सुई घ्या. तुकड्याखाली पातळ कोरा कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. छापील वर्तमानपत्र नको, शाई फिक्या कापडाला लागते. भाताच्या पेजेची पातळ खळ देऊन इस्त्री केली तरी तुकडा कडक होऊन टाके धरतो. मात्र गोधडी पूर्ण झाल्यावर खळ धुऊन टाका, नाहीतर पेटीत ठेवलेल्या गोधडीला कीड लागते. सिंथेटिकवर सुई लवकर बोथटते, म्हणून अशी गोधडी संपली की सुई बदलायचीच.

सुईचं पाकीट चहा-नाश्त्याच्या पैशात येतं. शंका आली तरी बदला.

दोरा

मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा खिडकीत ठेवलेली रिळं वाळून ठिसूळ होतात. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून ताणा. चांगला दोरा आधी ताणतो, बोटात रुततो आणि मग तुटतो. जुना दोरा कसलीही ताकद न लागता तुटतो. अशा रिळावर टेन्शन कितीही सैल करा, दोरा तुटणारच. बाहेरचे दोन-चार फेरे काढून आतला दोरा तपासा, कधीकधी उन्हाने फक्त वरचाच थर गेलेला असतो.

वर आणि खाली एकाच जातीचा दोरा वापरा. वर जाड सुती आणि बॉबिनमध्ये बारीक पॉलिस्टर असला तर टाका मध्ये बसत नाही. आणि रिळाच्या काठावर दोरा अडकवायची खाच असते, ती खाली करून रीळ बसवा. नाहीतर उलगडताना दोरा त्या खाचेत अडकतो आणि दर फेऱ्याला झटका देतो.

साफसफाई आणि तेल

कातरणांच्या कच्च्या कडांतून जेवढे तंतू झडतात तेवढे एका अख्ख्या कापडातून झडत नाहीत. त्यात आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या वाऱ्याने घरात येणारी काळी माती. दोन्ही मिळून सुईखाली कापड पुढे ढकलणाऱ्या दातांच्या मधल्या फटींत नमद्यासारखा दाबलेला थर बसतो. तो थर वाढला की दातं कापडाला पुरेशी लागत नाहीत, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकाच जागी साचतात.

मोटर असेल तर आधी प्लग काढा. सुई आणि पाय काढा, सुईखालच्या पत्र्याचे स्क्रू सोडून पत्रा उचला. स्क्रू वाटीत ठेवा. जुन्या टूथब्रशने तंतू बाहेर काढा, दातांमधला थर सुईच्या टोकाने खरवडा. तोंडाने फुंकू नका. फुंकरीने तंतू आणखी आत जातात आणि वाफेने लोखंडाला गंज येतो. मग बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) काढा आणि शटलची खोबण पुसा. तिथे तुटलेल्या दोऱ्याचा पाव इंचाचा तुकडा अडकलेला असला तरी टाके सुटतात, आणि तो बऱ्याचदा काळ्या तेलात चिकटून दिसतही नाही. सुती चिंधी चिमट्यात धरून खोबणीतून पूर्ण गोल फिरवा.

तेल फक्त शिलाई मशीनचं, पाण्यासारखं पातळ. प्रत्येक छिद्रात एक थेंब, शटलच्या खोबणीत एक थेंब. खोबरेल तेल कधीही घालू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं, आणि धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. सकाळी मशीन हलतच नाही याचं कारण अनेकदा एवढंच असतं. गोडेतेलाचा कालांतराने गोंद होतो. असं तेल आधी घातलं असेल तर छिद्रांत थोडं रॉकेल सोडून चाक हाताने पन्नासेक वेळा फिरवा, निघालेलं काळं पाणी पुसा आणि मग मशीनचं तेल घाला. हे काम दारं-खिडक्या उघड्या ठेवून, चुलीपासून आणि गॅसपासून लांब, मोटरची वायर काढून करायचं. तेलानंतर पहिल्या दोन-तीन ओळी टाकाऊ चिंधीवर मारा, गोधडीवर नाही. ताज्या तेलाचा डाग सुती कापडात पसरतो.

बॉबिन, आणि मग शेवटी टेन्शन

बॉबिनवर दोरा एकसारखा, घट्ट आणि काठाच्या किंचित आत राहील इतका भरा. हाताने गुंडाळलेली बॉबिन कुठे सैल, कुठे घट्ट होते आणि टाका तसाच बदलत जातो. काठ तुटलेली किंवा दाताळलेली बॉबिन फेका. दोरा केसच्या फटीतून चपट्या स्प्रिंगखाली गेलाच पाहिजे, नुसता बाहेर काढून ठेवला तर टेन्शन नसल्यासारखंच.

आता बॉबिन केस दोऱ्याने हवेत लटकवा. ती आपोआप खाली घसरत गेली तर सैल आहे. हाताला हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं उतरून थांबली तर बरोबर. झटक्यालाही हलली नाही तर घट्ट. जुळवायचं असेल तर आधी स्क्रूची खाच कोणत्या दिशेला आहे ते बारीक पेनने केसवर खुणावून ठेवा, मग एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा. हा स्क्रू फार छोटा असतो, सैल करताना पडला की फरशीवर सापडत नाही. खाली पांढरा कपडा पसरा.

एवढं सगळं झाल्यावर वरच्या टेन्शनची पाळी. वर लाल दोरा, खाली पांढरा, आणि साध्या सुती कापडाचे दोन थर. चकतीवर आकडे असतील तर मध्यापासून, ३ ते ५ च्या दरम्यान सुरू करा. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन सैल करा, खाली लाल फास दिसले तर घट्ट करा. दर वेळी पाव फेरा, दर वेळी नवी ओळ. दोन्ही बाजूंनी आपापला रंग दिसला की थांबा आणि मग हीच परीक्षा गोधडीच्या खऱ्या थरांवर करा: तेवढेच थर, तोच मधला कपडा, मध्ये एक जोड. ही पट्टी जपून ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे.

टाके फक्त जोडावर सुटत असतील तर

इथे मशीनपेक्षा इस्त्री कामाला येते. दोन तुकडे जोडले की आत पाव इंचाच्या दोन कडा उरतात. त्या दोन्ही एका बाजूला वळवल्या तर तिथे तीन थर होतात. अशा दोन ओळी एकमेकींना जोडल्या आणि सगळ्या कडा एकाच बाजूला वळल्या, तर चौकात तीन त्रिक नऊ थर येतात. त्याच कडा प्रत्येक जोडावर उलगडून दोन्हीकडे इस्त्रीने सपाट बसवल्या तर चौकात फक्त चार थर राहतात. अजून मधलं कापड आणि पाठ (गोधडीचं सगळ्यात खालचं कापड) त्यात धरलेलीच नाही. नऊ आणि चारचा हा फरक सुईला लगेच कळतो. उलगडलेला जोड थोडा कमी मजबूत असतो, म्हणून तुकडे जोडताना टाका बारीक ठेवा, इंचाला १० ते १२. थर शिवताना तोच टाका मोठा करा, इंचाला ७ ते ८. जाड थरात बारीक टाका घातला की कापड पुढे जात नाही आणि गुंता होतो.

आधीच शिवून झालं असेल तर चौकावर कापड ठेवून हातोडीचे चार हलके ठोके द्या आणि तिथून जाताना चाक हाताने फिरवा. पाय जोडावर चढताना मागे झुकतो आणि दातांपासून उचलला जातो, नेमका तिथेच टाका सुटतो. जोडाच्या जाडीएवढी घडी घातलेली चिंधी पायाच्या मागच्या बाजूखाली सरकवली की पाय सपाट राहतो. पिशवीचे बंद आणि बटव्याच्या कडा शिवतानाही हीच युक्ती चालते. जीन्सचे तुकडे एकमेकांशेजारी लावू नका, दोन जीन्सचा जोड चौकात आला की घरचं मशीन हरतं.

पाय स्वतःच्या वजनाने त्या जागेवर खाली येत नसेल, दाबून बसवावा लागत असेल, तर तेवढा भाग हाताने धावदोऱ्याने शिवा. गोधडी मुळात हातानेच शिवली जायची. तेव्हा तुकडे आधी जोडत नसत, सरळ थरांवर ठेवून ओळीने टाके घालत नेत, म्हणून चौकाचा प्रश्नच येत नसे.

चुण्या

दातं खालचं कापड पुढे ढकलतात, पाय वरचं कापड मागे धरतो. दोन थरांत हे दिसत नाही, पाच थरांत ओळीच्या शेवटी वरचं कापड बोटभर उरतं. म्हणून थर पक्के बांधल्याशिवाय मशीनवर घेऊ नका. पाठ फरशीवर ताणून पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. त्यावर मधले थर, त्यावर तुकडे जोडलेलं वरचं कापड. मधोमध सुरू करून बाहेरच्या बाजूला, चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घाला. शिवणही मधूनच सुरू करा. कडेकडून सुरू केलं तर सगळा फुगा मध्यात येऊन अडकतो. पायाचा दाब कमी करायचा स्क्रू असेल तर जाड थरांसाठी तो थोडा सैल करा. वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय मिळाला तर वरचं कापडही ढकललं जातं, पण कच्चे टाके त्यानेही चुकत नाहीत.

शिवताना गोधडी सपाट होती आणि पहिल्या धुण्यानंतर चुण्या आल्या, तर कारण कोऱ्या कापडाचं आटणं. जुनं लुगडं आधीच आटलेलं असतं, शिंप्याकडून आलेलं कोरं सुती कातरण आटलेलं नसतं. कोरे तुकडे कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून घ्या. गडद लाल, निळे तुकडे वेगळे भिजवा आणि पाणी रंगतंय का ते बघा. पाणी रंगतच राहिलं तर तो तुकडा पांढऱ्या लुगड्याशेजारी लावू नका.

आणि तिरके कापलेले तुकडे. कातरण कोणत्याही दिशेने कापलेलं असतं. दोन्ही हातांनी ओढा: उभ्या-आडव्या धाग्यावर ते ताणत नाही, तिरकं असेल तर रबरासारखं वाढतं. असा तुकडा सरळ धाग्यावर पुन्हा कापा, लहान झाला तरी चालेल.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

नवी सुई, बरोबर बाजूने, पूर्ण वर बसवलेली. चांगला दोरा, साफ केलेलं शटल. आणि तरीही साध्या सुती कापडाच्या दोन थरांवर टाके सुटतात. मग शटलचं टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलची वेळेची जुळणी, सरकलं आहे किंवा शटलचं टोक बोथट झालं आहे. पत्रा काढून चाक हळू फिरवून बघता येतं: सुई तळापासून जराशी वर आल्यावर शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वरून गेलं पाहिजे. बघा, पण सुईदांडीचा किंवा शटलचा स्क्रू सोडू नका. केसभर फरकाने सुई शटलवर आपटते आणि दोन्ही जातात.

याशिवाय पुढचं काहीही दिसलं तर त्याच क्षणी हात काढा:

- नवी सुईही पत्र्यावर किंवा शटलवर टक्कर घेते.
- साफ करून, तेल घालूनही चाक एका ठिकाणी अडतं.
- तेलात लोखंडाचा चकचकीत चुरा दिसतो.
- दातं हाताला गुळगुळीत लागतात, कापड धरत नाहीत.
- मोटरमधून जळका वास येतो, पायातला कंट्रोलर गरम होतो, किंवा मशीनला हात लावला की झिणझिणी येते. प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. मोटर किंवा कंट्रोलर घरी उघडायचा नाही.

मेकॅनिककडे जाताना मशीनसोबत बॉबिन केस, त्यातली बॉबिन, वापरात असलेली सुई आणि दोऱ्याचं रीळ न्या. लाल-पांढऱ्या दोऱ्याची ती पट्टी दाखवा. कोणत्या कापडावर, किती थरांवर टाका सुटतो हे तिच्यावरून त्याला लगेच कळतं आणि नको तो भाग बदलला जात नाही. काम सुरू करण्याआधी मजुरी विचारा, बदललेला जुना भाग परत मागा. आणि मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच, सोबत नेलेल्या गोधडीच्या थरांवर, एका जोडावरून आरपार एक ओळ मारून बघा.